स्कूटरच्या हातांना मोटारसायकल शिकवताना

जिला स्कूटर येते तिला मोटारसायकल दोन दिवसांत येते, असे आमच्याकडे सरसकट म्हटले जाते. तोल सांभाळता येतो, रहदारीची भीती गेलेली असते, आरशात बघण्याची सवय असते. मग उरले काय, तर फक्त गिअर, असा त्यामागचा हिशेब असतो. चाळिशी ओलांडल्यावर वडिलांची स्प्लेंडर चालवायला शिकताना हा हिशेब मला नीट तपासून पाहता आला आणि तो अर्धाच बरोबर आहे असे माझे मत झाले. तोलाबद्दल तो खरा आहे. हातांबद्दल मात्र तो साफ चुकतो, कारण स्कूटरने हातांना, विशेषतः डाव्या हाताला, जे पक्के शिकवलेले असते त्यातला मोठा भाग मोटारसायकलवर आल्यावर मोडून काढावा लागतो. ज्याला काहीच येत नाही अशा माणसापेक्षा स्कूटर येणाऱ्या माणसाला सुरुवातीला एक काम जास्तीचे असते. आणि शिकवणारे बहुतेक जण पुरुष असल्यामुळे व त्यांनी पहिल्यापासून गिअरचीच गाडी चालवलेली असल्यामुळे ते काम त्यांच्या ध्यानातही येत नाही.

मी साताऱ्यात राहते आणि आमचे गाव वाईजवळ आहे. गावातून शेताकडे जाणारी वाट पावसाळ्यात चिखलाची आणि उन्हाळ्यात दगडगोट्यांची असते. तिच्यावर स्कूटर नेण्याचा प्रयोग मी अनेकदा केला आहे. स्कूटरच्या मागच्या चाकाचा व्यास बहुधा दहा इंच असतो आणि स्प्लेंडरची दोन्ही चाके अठरा इंची आहेत. ज्या खड्ड्यात स्कूटरचे चाक उतरते त्याच खड्ड्यावरून मोठे चाक सहज पुढे जाते. वडिलांचे गुडघे दुखू लागल्यापासून त्यांची गाडी पडवीत उभी होती. एसटीत चालक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले काका शेजारीच राहतात, त्यामुळे गाडी आणि शिकवणारा अशी दोन्ही घरचीच होती.

आमच्या पिढीतल्या बायकांना गिअर का येत नाहीत, याला कारणे आहेत. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली, पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि त्यानंतर स्कूटीसारख्या हलक्या गाड्या आल्या. शिक्षिका, परिचारिका, बँकेत काम करणाऱ्या बायका यांनी या गाड्यांवर अर्धे आयुष्य काढले आणि त्यामुळे त्यांना जे स्वातंत्र्य मिळाले ते मी मुळीच कमी लेखत नाही. पण त्याच वेळी घरात एक न बोललेली वाटणी होऊन गेली, की बिनगिअरची गाडी बाईची आणि गिअरची गाडी पुरुषाची. कायद्यातही हे दोन वर्ग वेगळे आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार बिनगिअरच्या मोटारसायकलचा परवाना असलेल्या व्यक्तीला गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही. परवान्यात तो वर्ग जोडून घ्यावा लागतो. त्यासाठी आधी शिकाऊ परवाना लागतो. तो सहा महिने चालतो आणि काढल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावणे सक्तीचे आहे आणि परवानाधारक शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. चाळिशीच्या बाईने लाल ‘एल’ लावून गावातून जाणे हा बघणाऱ्यांना काही दिवस करमणुकीचा विषय होतो, आणि नंतर त्यांनाही दुसरी कामे असतात.

पहिले दोन-तीन धडे काकांनी इंजिन सुरू करूच दिले नाही. शाळेच्या मैदानावर गाडी हाताने ढकलत नेणे, डावीकडे वळवणे, उजवीकडे वळवणे, ब्रेक दाबून थांबवणे, साइड स्टँडवर लावणे आणि पुन्हा उचलणे, एवढेच. मला तेव्हा ते वेळ घालवणे वाटले होते, पण त्याचा उपयोग पुढे फार झाला. स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो आहे, म्हणजे मोटारसायकलींत ती हलकीच म्हणायची. तरीही स्कूटरचे वजन खाली, पायांच्या पातळीवर असते, तर मोटारसायकलची टाकी आणि इंजिन वर, दोन मांड्यांच्या मध्ये असते. गाडी सरळ असेपर्यंत ते वजन जाणवतही नाही. ती एका ठरावीक कोनापलीकडे कलली की मात्र हाताने सावरत नाही. तो कोन नेमका कुठे आहे हे शरीराला कळण्यासाठी इंजिन बंद असलेली गाडी फार चांगली. उंची कमी असणाऱ्यांनी हे जास्तच करावे. स्प्लेंडरची बैठक जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर आहे आणि माझे दोन्ही तळवे एकाच वेळी पूर्ण टेकत नाहीत. ते टेकण्याची गरजही नसते, पण हे कळायला वेळ लागतो. त्याविषयी पुढे लिहिते.

आता डाव्या हाताविषयी. स्कूटरवर डाव्या हाताच्या लिव्हरने मागचा ब्रेक लागतो. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना निदान संयुक्त ब्रेक असणे बंधनकारक झाले, आणि अशा स्कूटरवर डावी लिव्हर दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. म्हणजे वर्षानुवर्षे डाव्या हाताला एकच धडा मिळालेला असतो: काहीही आडवे आले, कुत्रे, लहान मूल, रिक्षाचे उघडलेले दार, की आवळ. हा धडा विचारापर्यंत जातच नाही. डोळ्यांनी पाहिले की बोटे मिटतात. मोटारसायकलवर त्याच जागी, त्याच आकाराची, तशीच गार लागणारी लिव्हर क्लचची असते. ती दाबली की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो. ज्या क्षणी गाडी थांबायला हवी असते, त्या क्षणी डावा हात तिला मोकळी सोडतो. इंजिनामुळे जो थोडाफार अटकाव होत असतो तोही निघून जातो आणि गाडी आहे त्या वेगाने घरंगळत राहते. उतार असेल तर ती वेग घेते.

काकांना हे ठाऊक होते, कारण गावातल्या दोघी-तिघींना त्यांनी आधी शिकवले होते. मी मैदानावर पहिल्या गिअरमध्ये सरळ जात असताना त्यांनी काहीही न सांगता हातातली टोपी माझ्या पुढ्यात टाकली. डावा हात आवळला गेला, उजवा पाय जागचा हलला नाही आणि टोपी चाकाखाली गेली. “बघ, तुझा हात अजून स्कूटरवरच आहे,” एवढेच ते म्हणाले आणि टोपी झटकून डोक्यावर घातली. त्यानंतरचे सगळे शिकणे या एका गोष्टीभोवती फिरले.

सवय मोडण्याचा त्यांचा उपाय साधा होता. थांबणे ही एक कृती मानायची नाही. तिच्यात शरीराचे तीन अवयव आपापल्या वेळी हलले पाहिजेत. उजव्या हाताने पुढचा ब्रेक, उजव्या पायाने मागचा ब्रेक, आणि गाडी थांबण्याच्या बेताला आल्यावर डाव्या हाताने क्लच. क्लच सर्वांत शेवटी येतो, आणि तो इंजिन बंद पडू नये म्हणून दाबायचा असतो. थांबण्याशी त्याचा तेवढाच संबंध. हे मला तोंडपाठ झाले तरी हात ऐकत नव्हता, म्हणून त्यांनी मला गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, डोळे मिटून बसायला लावले आणि ते मध्येच टाळी वाजवत. टाळी वाजली की उजवा हात व उजवा पाय. डाव्या हाताची बोटे मुठीवरच राहिली पाहिजेत, लिव्हरवर नकोत. हा खेळ आम्ही पडवीत इतका खेळलो की आई वैतागली. पण हाताची जुनी सवय मोडायची तर चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी बरी, हे मी आता कोणालाही खात्रीने सांगेन. चालत्या गाडीवर भीती असते, आणि भीती वाटली की शरीर जुन्याच सवयीकडे धावते.

क्लच म्हणजे आतमध्ये काय होते, हे समजून घेतल्याने मला फार मदत झाली. स्प्रिंगने एकमेकींवर दाबून धरलेल्या चकत्यांची एक चळत असते. त्यातल्या काही इंजिनाच्या बाजूने फिरतात आणि काही गिअरबॉक्सच्या बाजूने. लिव्हर दाबली की स्प्रिंगचा दाब निघतो आणि चकत्या एकमेकींवरून मोकळ्या फिरतात. लिव्हर हळूहळू सोडली की त्या आधी घासत, मग पकडत जातात. घासणे आणि पकडणे यांच्या मधला जो लहानसा टप्पा आहे त्यालाच सगळे हाफ क्लच म्हणतात, आणि शिकणाऱ्याचे सगळे यश त्या बोटभर अंतरात असते. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवलेली असते, तिच्यात काहीच घडत नाही. त्यानंतर कुठेतरी गाडी पुढे सरकू पाहते. हा बिंदू प्रत्येक गाडीत वेगळा असतो आणि केबल ओढली गेली की त्याच गाडीतही बदलतो, म्हणून परक्याची गाडी घेतली की पहिले काम तो शोधण्याचे.

त्यासाठी काकांनी दिलेला सराव असा: सपाट जागी पहिला गिअर टाकायचा, रेस मुळीच द्यायची नाही, आणि क्लच इतका हळू सोडायचा की गाडी फक्त हातभर पुढे सरकेल, मग पुन्हा दाबायचा. स्प्लेंडर सपाटीवर विनारेस, नुसत्या क्लचवर निघते, त्यामुळे उजवा हात या धड्यातून बाहेर ठेवता येतो. हे महत्त्वाचे आहे, कारण स्कूटरवर निघण्याचे सगळे काम उजवा हात करत असतो. तिथे क्लच स्वयंचलित असतो, रेस वाढली की तो आपोआप पकडतो. त्यामुळे स्कूटरवाल्यांना निघायचे म्हटले की उजवी मूठ पिळायची सवय असते, आणि मोटारसायकलवर रेस भरपूर व क्लच एकदम सुटलेला, अशी जोडी जमली की गाडी उडी मारते. आधी डाव्या हाताला एकटे शिकू द्यावे आणि मग त्यात रेस थोडी थोडी मिळवावी, हा क्रम मला योग्य वाटतो. बरेच जण उलटे शिकवतात: “रेस दे, रेस दे, नाहीतर बंद पडेल.” पडू द्यावी. बंद पडलेली गाडी कुठे जात नाही.

अशा सरावाने क्लच जळेल अशी भीती वडिलांना होती. चारचाकीच्या बाबतीत ती रास्त आहे, कारण तिथला क्लच बहुधा कोरडा असतो. स्प्लेंडरसारख्या मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्या तेलात बुडालेला असतो, ते तेल त्याची उष्णता वाहून नेते, आणि मधून मधून विश्रांती दिली तर हळू चालवण्याचा सराव तो सहज सोसतो. यातूनच एक घरगुती सूचना निघते. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ असा दर्जा असतो आणि स्कूटरच्या तेलावर बहुधा ‘जासो एमबी’. स्कूटरच्या इंजिनाच्या तेलाचा क्लचशी संबंध नसल्याने ते तेल जास्त निसरडे चालते. तेच मोटारसायकलमध्ये ओतले तर चकत्या घसरू लागतात. घरात दोन्ही गाड्या असतील तर उरलेले तेल इकडचे तिकडे करू नये.

डाव्या हातानंतर पायांचा प्रश्न. स्कूटरवर पायांना काहीच काम नसते, त्यामुळे वेग कमी झाला की दोन्ही पाय आधीच खाली लोंबू लागतात. मोटारसायकलवर उजव्या पायाखाली मागचा ब्रेक आहे. तो पाय जमिनीवर आला की तेवढा ब्रेक गेला. म्हणून थांबताना डावा पाय खाली आणि उजवा पाय ब्रेकवर, हीच बैठक. माझे दोन्ही तळवे टेकत नाहीत याची चिंता मी करत होते, आणि प्रत्यक्षात टेकायचा होता एकच. गाडी किंचित डावीकडे झुकवली की तो तळवा पूर्ण टेकतो. चढावर थांबून पुन्हा निघताना या बैठकीची खरी किंमत कळते. उजवा पाय गाडी धरून ठेवतो, दोन्ही हात मोकळे राहतात, क्लच पकडू लागला आणि गाडीचे नाक जरा उचलल्यासारखे झाले की ब्रेक सोडायचा. स्कूटरवाल्या मैत्रिणी चढावर पुढचा ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्याच हाताने सांभाळायला जातात आणि तिथे अडतात.

गिअरबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण ज्याची सर्वांत धास्ती होती ते सर्वांत लवकर आले. स्प्लेंडरचे चारही गिअर पायाचा चवडा दाबून खाली पडतात आणि उतरवताना टाच वापरायची. पुष्कळशा मोटारसायकलींत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. येझदीची तर किकच पुढे वळवली की गिअरचा दांडा व्हायची. यातले काहीही शास्त्रोक्त नाही, सगळा सवयीचा मामला आहे. दुसऱ्याची गाडी घेताना विचारून घ्यावे, एवढेच. गिअर कधी बदलायचा हे वेगाच्या काट्याकडे न पाहता कानाने ठरवावे. इंजिन ओरडू लागले की वरचा, गाडी धक्के देत कण्हू लागली की खालचा. आणि थांबण्यापूर्वी पहिल्यावर यावे, कारण उभ्या गाडीत चौथ्यावरून एकेक उतरवत बसणे मागच्या ट्रकला मान्य नसते.

पुढच्या ब्रेकविषयी आपल्याकडे एक जबरदस्त गैरसमज आहे. “पुढचा दाबू नको, उलटशील,” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले की त्याला परंपरेचा दर्जा द्यायला हरकत नाही. प्रत्यक्षात ब्रेक लागताच गाडीचे आणि आपले वजन पुढच्या चाकावर सरकते, ते चाक रस्त्याला जास्त घट्ट धरते, आणि मागचे चाक हलके होते. हलके झालेले मागचे चाक एकट्याने गाडी थांबवू शकत नाही; जोरात दाबले तर ते जाम होऊन घसरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. जे उलटतात ते एकदम आवळल्यामुळे, वळणात हँडल वाकडे असताना आवळल्यामुळे, किंवा वाळू-खडीवर आवळल्यामुळे. म्हणून तो आवळायचा नाही, पिळत न्यायचा: आधी हलका, वजन पुढे आल्याचे जाणवले की अधिक. वडिलांची गाडी जुनी आहे, तिला संयुक्त ब्रेकही नाही आणि एबीएसही (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत; तिच्यावर हे सगळे चालवणाऱ्यानेच करावे लागते. शिकायला ती बरी पडली. पण नवी गाडी घेणाऱ्या कोणी मला विचारले, तर एबीएस असलेली घ्या असेच मी सांगेन.

वेगाविषयीचे एक गणित मी स्वतःसाठी मांडून ठेवले आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे धोका दिसून हात हलेपर्यंत जर एक सेकंद गेला तर तेवढे अंतर ब्रेकविनाच संपते. वेग ६० केला की ते जवळजवळ १७ मीटर होते. शिवाय ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० चे ६० झाले म्हणजे वेग दीडपट आणि हे अंतर सव्वादोनपट. मराठी माध्यमात शिकलेल्या गतीच्या समीकरणांचा इतका थेट उपयोग मला आयुष्यात प्रथमच झाला.

हळू चालवणे हे वेगात चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि परवान्याच्या चाचणीत पाय न टेकता जो आठचा आकडा काढायला लावतात तो त्याचीच परीक्षा असतो. वेग असला की गाडी बरीचशी आपोआप सरळ राहते. चालण्याच्या गतीला ती पडू पाहते. तिथे तीन गोष्टी एकत्र लागतात: रेस थोडी आणि स्थिर, क्लच अर्धा पकडलेला, आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक अगदी हलका लावून ठेवलेला. इंजिन पुढे ओढते आणि ब्रेक मागे, त्या दोहोंच्या ताणात गाडी ताठ उभी राहते. पुढचा ब्रेक इथे पूर्ण वर्ज्य. हँडल वळलेले असताना तो लागला की गाडी त्या बाजूला खाली बसते. आणि नजर. पुढच्या चाकाकडे पाहिले की आठ होत नाही, वळण जिथे संपणार तिथे मान वळवून पाहिले की होतो. हे का होते ते मला नीट सांगता येणार नाही, पण ते होते.

वेगात वळण्याची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथे गाडी हँडल फिरवून वळत नाही, कलून वळते, आणि ती कलवण्यासाठी हँडल क्षणभर उलट दिशेला ढकलले जाते. डावीकडे जायचे तर डावी मूठ किंचित पुढे ढकलायची. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचा धंदा सायकलींचा होता, आणि त्यांपैकी विल्बर राइट यांच्या हे लक्षात आले होते की डावीकडे वळणारा सायकलस्वार आधी हँडल जरासे उजवीकडे फिरवतो आणि विचारले तर बहुधा ते डावीकडेच फिरवले असे सांगतो. मीही तेच सांगितले असते. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ३५-४० च्या वेगाने मूठ हलकेच ढकलून पाहिली तेव्हा खात्री पटली. स्कूटरही अशीच वळते. इतकी वर्षे आपण न कळत हेच करत होतो.

रस्त्यावर गेल्यानंतर काकांची शिकवण्याची पद्धत बदलली. ते मागे बसत आणि हातांविषयी काही बोलत नसत, फक्त विचारत, “पुढं काय दिसतंय?” आणि मला ते मोठ्याने सांगावे लागे: बैलगाडी, तिच्या मागे दोघे सायकलवर, डावीकडून शेताची वाट येते आहे, तिथे रस्त्यावर ओला चिखल आहे म्हणजे ट्रॅक्टर नुकताच बाहेर पडला असणार. एसटीच्या उंच बैठकीवरून त्यांना जे दिसायचे ते मला खालून दिसत नव्हते, पण शोधण्याची रीत तीच. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात, साधारण दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळा लागेपर्यंत, रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो आणि उसाचे शेंडे ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेले असतात. शिकाऊ माणसाने त्या दिवसांत अंधार पडल्यावर गाडी काढू नये, असे मी स्पष्ट म्हणेन. पहिल्या पावसाचेही तसेच आहे. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून जो थर होतो, तो नंतरच्या धो धो पावसापेक्षा जास्त घसरडा असतो.

घाट मी शेवटी ठेवला होता. पसरणी घाट आमच्या अगदी उशाला आहे आणि वाईहून पाचगणीला जाणारी सगळी रहदारी त्यातून जाते. चढताना विशेष काही नाही. गिअर वेळेवर उतरवला तर गाडी ओढते. उतरताना मात्र स्कूटरची सवय पुन्हा आडवी येते. स्कूटरवर उतारावर दोन्ही ब्रेक कमी-जास्त करत उतरायचे असते, कारण इंजिनाचा आधार तिथे फारसा मिळत नाही. मोटारसायकलवर तसे केले तर ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही. काकांच्या एसटीतला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो: ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. स्प्लेंडर दुसऱ्या-तिसऱ्यावर ठेवली, रेस सोडली, क्लचला हात लावला नाही, की इंजिनच तिला मागे धरून ठेवते आणि ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर घाट उतरणारे लोक मी पाहते तेव्हा मला माझ्या डाव्या हाताची आठवण होते. क्लच दाबून तोही तेच करू पाहत होता. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे असा नियम आहे, तो पाळणारे कमी असले तरी आपण पाळावा.

कपड्यांविषयी थोडक्यात. ओढणी नको, पायघोळ सलवार नको, घोटा झाकणारे बूट हवेत. मागच्या चाकाला साडीची जाळी असते ती मागे बसणाऱ्या व्यक्तीसाठी. गाडी चालवणाऱ्या बाईच्या ओढणीचे टोक साखळीपाशी जाणार नाही याची हमी ती देत नाही. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, आयएस ४१५१ असा क्रमांक असलेले, आणि पट्टा बांधलेले. हनुवटीखाली पट्टा न बांधलेले हेल्मेट आपटल्यावर डोक्यावर राहील याचा भरवसा धरता येत नाही. दंड हजार रुपये आहे आणि परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो, पण खेड्यात पोलीस नसतो आणि दगड असतात.

चाचणी पार पडली, परवान्यात नवा वर्ग आला. साताऱ्यात मात्र मी अजून स्कूटरच वापरते, आणि ज्याची कोणी पूर्वसूचना दिली नव्हती ती अडचण इथे आहे. गावाकडे दोन-चार दिवस मोटारसायकल चालवून परत आले की डावा हात आता क्लचचा झालेला असतो. सिग्नलजवळ वेग कमी करताना तो सवयीने पूर्ण आवळला जातो आणि संयुक्त ब्रेकची स्कूटर जागच्या जागी थबकते. मागून येणाऱ्याला हे अपेक्षित नसते. उलट दिशेचा धोका मी वर लिहिलाच आहे. दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवणाऱ्या बऱ्याच जणांशी बोलले, तेव्हा प्रत्येकाने काहीतरी युक्ती करून ठेवलेली आढळली. माझी अशी आहे: कोणत्याही गाडीवर बसले की किल्ली फिरवण्यापूर्वी डावी लिव्हर एकदा दाबायची आणि गाडी पुढे ढकलून पाहायची. मोटारसायकल असेल तर ती गिअरमध्ये असूनही पुढे सरकते, स्कूटर असेल तर अडते. हाताला आज काय करायचे आहे ते तेवढ्यात कळते. शिवाय गाडी बदलल्यावरचा पहिला एक किलोमीटर मी पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवून जाते, आणि मागचा हॉर्न वाजवत असेल तर त्याला वाजवू देते.